कपाट आधी, प्लेअर नंतर: स्वस्तातला युनिव्हर्सल डिस्क प्लेअर निवडताना

ठाण्याच्या नौपाड्यातली आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि भाड्याच्या घरी हलताना माळ्यावरून चार खोकी उतरली. वर बाबांच्या अक्षरात 'सीडी, नाजूक'. आत शास्त्रीय गाण्याच्या सीडी, नाटकांच्या व्हीसीडी, दोन लग्नांच्या डीव्हीडी, मावसभावाने अमेरिकेहून वेळोवेळी पाठवलेल्या दहा-बारा एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणि मार्करने 'जुनी गाणी १', 'जुनी गाणी २' लिहिलेल्या रायटेबल सीडींची चळत. एवढं सगळं वाजवायला घरात एकही यंत्र उरलं नव्हतं. लॅपटॉपला ट्रे नाही, गाडीला स्लॉट नाही. मुलाच्या प्लेस्टेशन ५ मध्ये मोठ्या आशेने सीडी सरकवली, तर त्याने ओळखच दाखवली नाही. (प्लेस्टेशन ४ आणि ५ ऑडिओ सीडी वाजवत नाहीत. हे मला पन्नाशीत कळलं.)

पुढचे सहा महिने प्लेअर शोधण्यात गेले. या काळात एकदा फसलो, एकदा थोडक्यात वाचलो. आता घरात एकच डबा सगळं वाजवतो आहे. ज्या क्रमाने मी हे करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहितो. प्रत्यक्षात मी अगदी उलट्या क्रमाने केलं होतं.

खोकी उघडा आणि ढीग लावा

दुकानात किंवा मोबाइलवर प्लेअर बघण्याआधी जमिनीवर चादर घाला आणि डिस्कचे ढीग करा. कारण 'युनिव्हर्सल' या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि विकणारा नेहमी त्याच्या सोयीचा अर्थ घेतो. बाजारात युनिव्हर्सल म्हणजे 'सीडी, व्हीसीडी, एमपीथ्री, पेन ड्राइव्ह, सगळं चालतं साहेब'. ऑडिओवाल्यांच्या बोलीत युनिव्हर्सल म्हणजे सीडी, डीव्हीडी यांच्यासोबत एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओही वाजवणारा, आणि ब्लू-रे वाजवला तर दुधात साखर.

साधी सीडी १९८२ साली आली, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. ती जवळजवळ कुठल्याही डिस्क प्लेअरवर वाजते. एसएसीडी सोनी आणि फिलिप्सने १९९९ मध्ये आणली. तिच्यात आवाज साठवण्याची पद्धतच वेगळी आहे, तिला डीएसडी म्हणतात: एकच बिट, पण सेकंदाला २८ लाखांहून जास्त वेळा. पुष्कळशा एसएसीडी 'हायब्रिड' असतात, म्हणजे एका थरावर एसएसीडी आणि दुसऱ्या थरावर साधी सीडी. म्हणूनच मावसभावाच्या डिस्क आम्ही कित्येक वर्षं साध्या सीडी समजून वाजवत होतो. पाठीमागे 'हायब्रिड' लिहिलंय का बघा. लिहिलेलं नसेल आणि डिस्क फक्त एसएसीडीचीच असेल, तर साधा प्लेअर ती वाजवणारच नाही.

डीव्हीडी-ऑडिओ २००० सालची, स्टीरिओत २४ बिट १९२ किलोहर्ट्झपर्यंत. आपल्याकडच्या घरांत ती क्वचित सापडते. सापडली तर साध्या डीव्हीडी प्लेअरवरही बहुतेक वेळा वाजते, पण तेव्हा ऐकू येतो तो तिच्यावरचा डॉल्बीचा दाबून बसवलेला ट्रॅक, खरा माल नव्हे.

मराठी घरात एक ढीग हमखास निघतो: नाटकांच्या व्हीसीडी. हा ढीग मोठा असेल तर जपून, कारण अनेक ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी घेत नाहीत, जुने डीव्हीडी प्लेअर मात्र बहुतेक घेतात.

आता मनाला न पटणारी गोष्ट. ढिगात एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ मिळून पाचसुद्धा नसतील, तर युनिव्हर्सल प्लेअरच्या नादी लागू नका. कोएक्सिअल आउट (डिजिटल आवाज बाहेर नेणारी जागा) असलेला जुना चांगला डीव्हीडी प्लेअर आणि त्याला एक छोटा डॅक, म्हणजे डिजिटलचा ॲनालॉग आवाज करणारा डबा, इतकं पुरतं. उरलेले पैसे स्पीकरवर घाला. २००७ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरान यांचा एक प्रयोग छापून आला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज मध्येच सीडीच्या दर्जावर उतरवला तर लोकांना ओळखू येतं का, असा तो होता. ५५४ चाचण्यांत बरोबर उत्तरं जवळजवळ निम्मी, म्हणजे नाणेफेकच. त्यावर वाद झाले, अजून होतात. माझ्यापुरतं सांगतो: काही एसएसीडी खरंच सुंदर वाजतात, आणि त्याचं श्रेय बहुतेक वेळा त्या डिस्कसाठी मास्टरिंग (छापण्याआधी आवाजावर शेवटचा हात फिरवणं) करणाऱ्या माणसाचं असतं. म्हणजे डिस्क आहेत म्हणून प्लेअर घ्यावा. प्लेअर आहे म्हणून डिस्क घेत सुटलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्या बायकांशीही बोललो आहे.

मग ॲम्प भिंतीपासून ओढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि चूक कळते ती प्लेअर घरी आणल्यावर. ॲम्पच्या (ॲम्प्लिफायरच्या) मागे टॉर्च मारा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नुसत्या लाल-पांढऱ्या आरसीए जागा दिसतात, की एचडीएमआयसुद्धा आहे?

डीएसडीचा खरा आवाज प्लेअरमधून बाहेर पडायला दोनच वाटा आहेत: आरसीए ॲनालॉग किंवा एचडीएमआय. कोएक्सिअल आणि ऑप्टिकल या डिजिटल वाटांनी एसएसीडीचा थर बाहेर सोडला जात नाही, कॉपी होऊ नये म्हणून ती बंदी आहे. म्हणजे 'प्लेअर साधा घेतो, बाहेर भारी डॅक लावतो' हा बेत सीडीपुरता उत्तम, एसएसीडीसाठी बाद. डीव्हीडीवरचा ९६ किलोहर्ट्झचा आवाजसुद्धा या वाटेने जाताना अनेक प्लेअर ४८ वर आणून सोडतात.

तुमच्याकडे बाबांच्या काळातला दोन चॅनेलचा स्टीरिओ ॲम्प असेल, तर प्लेअरला स्वतःचे ॲनालॉग आउट हवेतच. इथे नवे प्लेअर गोची करतात. सोनीचा यूबीपी-एक्स८००एम२ एसएसीडी, डीव्हीडी-ऑडिओ, फोरके ब्लू-रे सगळं वाचतो, पण त्याच्या पाठीवर दोन एचडीएमआय आणि एक कोएक्सिअल, बस. आरसीए नाही. एचडीएमआय असलेला एव्ही रिसिव्हर (होम थिएटरचा ॲम्प) तुमच्याकडे असेल तर हाच प्लेअर सोन्यासारखा, नसेल तर शोभेची वस्तू. मी जवळजवळ ऑर्डर करून बसलो होतो. पाचपाखाडीतले एक दुरुस्तीवाले म्हणाले, "अहो, पिना कुठे घालणार?" तेव्हा थांबलो.

रिसिव्हर असेल तर तो डीएसडी घेतो का ते त्याच्या पुस्तिकेत बघा. घेत नसला तरी अडत नाही. प्लेअर डीएसडीचं पीसीएम (सीडीवर असते ती नेहमीची डिजिटल पद्धत) करून पाठवतो, आणि तसं केल्याने माझ्या कानाला तरी काही कमी झालेलं वाटलं नाही. जुन्या रिसिव्हरला एचडीएमआय नसून सहा आरसीएचं 'मल्टिचॅनेल इन' असेल, तर ५.१ ॲनालॉग आउटवाला प्लेअर शोधा. पाच स्पीकर नसतील तर त्या सहा पिनांचा विचारही करू नका.

जोडताना एकच काळजी. प्लेअरची पिन 'ऑक्स' किंवा 'सीडी' लिहिलेल्या जागी घाला. 'फोनो'मध्ये घातलीत तर आवाज फाटेल, कारण ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी बारीक सिग्नलसाठी असते आणि डिस्क प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो.

आणखी एक मुद्दा कुठल्याही स्पेसिफिकेशनमध्ये मिळणार नाही: प्लेअरच्या तोंडावर डिस्प्ले आहे का? अलीकडच्या बऱ्याच ब्लू-रे प्लेअरना तो नसतो. ट्रॅक कितवा, थर कुठला, हे बघायला टीव्ही लावावा लागतो. संध्याकाळी साडेसातनंतर आमच्या घरात टीव्हीवर कोणाचा हक्क असतो हे मी सांगायला नको. आईच्या मालिकेच्या मध्ये एसएसीडीचा मेन्यू उघडण्याची हिंमत मी एकदा केली होती. डिस्प्ले असलेलाच प्लेअर घ्या.

नवा की जुना

स्वस्तात म्हणाल तर बहुतेकांची गाडी जुन्यावर येऊन थांबते. ओप्पो डिजिटलने एप्रिल २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि या छंदातला सगळ्यांचा लाडका ब्रँड गेला. आज मॅग्नेटारसारखी नावं नवे युनिव्हर्सल प्लेअर काढतात, पण ते 'स्वस्तात' या शब्दात बसत नाहीत.

जुन्यात मी ज्यांच्या मागे होतो ते असे. पायोनियर डीव्ही-६१०एव्ही आणि डेनॉन डीव्हीडी-१९४० हे डीव्हीडीच्या पिढीतले, एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ दोन्ही वाचणारे, ॲनालॉग आउटसह. सोनीचा बीडीपी-एस३७० दिसायला अगदी साधा घरगुती ब्लू-रे प्लेअर, पण एसएसीडी वाचतो. विकणाऱ्याला हे माहीत नसतं आणि तो साध्या प्लेअरच्या भावात देऊन टाकतो. डीव्हीडी-ऑडिओ मात्र त्याला जमत नाही. त्यावरच्या पायरीवर ओप्पोचे बीडीपी-८३, ९३, १०३ आणि केंब्रिज ऑडिओचे ६५०बीडी, ७५१बीडी. मॉडेल कुठलंही असो, तोंडावर 'सुपर ऑडिओ सीडी' आणि 'डीव्हीडी ऑडिओ'चे छापील लोगो स्वतः बघा, जाहिरातीतल्या शब्दावर जाऊ नका.

शोधायचं कुठे? आमच्या भागात सध्या हा माल आपोआप निघतो आहे. नौपाडा, घंटाळी, राम मारुती रोडच्या बाजूच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उठताहेत. रिकामं करताना लोक हाय-फाय भंगारात घालायला निघतात. सोसायटीच्या ग्रुपवर 'जुना डीव्हीडी प्लेअर देणे आहे' असं दिसलं की मॉडेल नंबर विचारा. घोडबंदर रोडवर आणि नवी मुंबईत बदलीवर जाणारी माणसं अख्खं होम थिएटर एकगठ्ठा विकतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुट्या भागांसाठी जा, प्लेअरसाठी तिथे हिंडून माझ्या हाती फारसं काही आलं नाही.

परदेशातून आलेला प्लेअर असेल तर मागचं लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका. '१००-२४० व्होल्ट' असेल तर बिनधास्त. नुसतं '१२० व्होल्ट' किंवा जपानी '१०० व्होल्ट' असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि घरातल्या कोणीतरी एक दिवस तो न लावता थेट बोर्डात घालणार हे गृहीत धरा. रीजनचंही (डिस्क जगाच्या कुठल्या भागात चालेल ते ठरवणाऱ्या कोडचंही) तसंच: भारत डीव्हीडीसाठी ५ आणि ब्लू-रेसाठी सी. अमेरिकेतला प्लेअर इथली रीजन ५ ची डीव्हीडी नाकारू शकतो. सीडी आणि एसएसीडीला रीजनची भानगड नाही.

विकणाऱ्याच्या घरी अर्धा तास

आता माझी फजिती. वाशीला एका गृहस्थांकडे ब्लू-रे वाजवणारा युनिव्हर्सल प्लेअर होता. त्यांनी सिनेमाची डीव्हीडी लावून दाखवली, चित्र झकास, आवाज झकास. साडेसहा हजार मोजले, प्लेअर मांडीवर घेऊन ट्रान्स-हार्बरने ठाण्याला आलो. घरी बाबांची सीडी घातली. गर्रर्र, गर्रर्र, आणि 'नो डिस्क'. दुसरी सीडी, तेच. एसएसीडी घातली तर पहिल्या झटक्यात वाजली! मला वाटलं बाबांच्या सीडीच खराब झाल्या.

दुरुस्तीवाल्यांनी दोन मिनिटांत सांगितलं: "लेन्स गेलीय, पण अर्धीच." झालं होतं असं. प्लेअरमध्ये दिसतं एकच भिंग, पण खाली लेझर वेगवेगळे असतात. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीसाठी ६५० चा, ब्लू-रेसाठी ४०५ चा. यातला एखादा मरतो आणि बाकीचे ठणठणीत राहतात. एसएसीडीचा थर वाचायला डीव्हीडीचाच ६५० चा लेझर लागतो, म्हणून ती वाजली, आणि सीडीचा लेझर मेल्यामुळे सीडी अडली. विकणाऱ्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणत नाही, त्याने दहा वर्षांत सीडी लावलीच नसेल. त्या मॉडेलचा लेन्सचा ठोकळा कुठे मिळाला नाही आणि साडेसहा हजारांचा डीव्हीडी प्लेअर झाला.

तेव्हापासून जाताना पिशवीत पाच डिस्क नेतो. एक भरगच्च, सत्तर मिनिटांच्या वरची कारखान्यात छापलेली सीडी. एक घरी राइट केलेली सीडी. एक हायब्रिड एसएसीडी. एक मोठ्या सिनेमाची डीव्हीडी. आणि प्लेअर ब्लू-रेचा असेल तर एक ब्लू-रे.

सीडी घातल्यावर पहिला ट्रॅक ऐकून समाधान मानू नका. सीडी आतून बाहेर वाचली जाते. शेवटचा ट्रॅक लावा, तो डिस्कच्या बाहेरच्या कडेला असतो. ग्रीस वाळलेलं असेल किंवा लेझर दमलेला असेल तर तिथेच अडखळतो. शेवटच्यावरून एकदम पहिल्यावर उडी मारा, परत शेवटच्यावर या. तीन-चार वेळा हे जमलं तर यंत्रणा धडधाकट आहे. राइट केलेली सीडी ही लेझरची खरी परीक्षा, कारण तिच्यावरून प्रकाश कमी परततो. छापील वाजते आणि राइट केलेली वाजत नाही, याचा अर्थ बहुधा लेझर उतरणीला लागलाय.

हायब्रिड एसएसीडी घातल्यावर डिस्प्लेवर 'एसएसीडी' उमटतंय का बघा. 'सीडी' उमटलं आणि गाणं वाजलं, तर त्याने काहीच सिद्ध होत नाही, प्लेअर सीडीचा थर वाचतोय. आधी सेटिंगमध्ये थर निवडता येतो का बघा, मग निर्णय घ्या. यासाठी बहुतेक वेळा मूळ रिमोट लागतो, म्हणून रिमोट नसलेला प्लेअर स्वस्त असला तरी किंमत अजून पाडून मागा.

आता आवाज. माझी कसोटी तानपुरा. गायक षड्ज लावायच्या आधीचे ते वीस सेकंद, नुसत्या तारा. जवारीचा तो झणकार विरत जातो तिथे कान द्या. मागे हलकीशी 'हूं' ऐकू येत असेल तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर थकलेले असू शकतात. डावा-उजवा दोन्ही स्पीकर सारखे बोलताहेत ना, हेही तिथेच कळतं. विकणाऱ्याकडे स्पीकर नसतील तर हेडफोन आणि छोटा ॲम्प न्या, लाज वाटू देऊ नका.

आणि सांधा तपासा. आपल्याकडच्या रागाच्या सीडीत विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे ट्रॅक बदलतो, पण गाणं थांबत नाही. कित्येक डीव्हीडी आणि ब्लू-रे प्लेअर त्या जागी अर्ध्या सेकंदाचा खड्डा पाडतात. समेवर येता येता आवाज गायब! हा दोष सेटिंगने जात नाही, यंत्राचा स्वभावच असतो. बाबा असते तर असा प्लेअर त्यांनी त्याच दिवशी परत पाठवला असता.

हे सगळं होईपर्यंत प्लेअर तापलेला असतो, तेच हवंय. थंड असताना वाजणारे आणि अर्ध्या तासाने रुसणारे प्लेअर बरेच असतात. निघताना ट्रे पाच-सहा वेळा उघडा-मिटा. ट्रे अडकत असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो आणि तो बदलणं किरकोळ काम आहे. भाव पाडायला मात्र उपयोगी.

घरी आणल्यावर

सेटिंग दहा मिनिटांचं काम आहे, पण न करणारे फार. डायनॅमिक रेंज कंट्रोल बंद करा, तो मोठा आवाज दाबतो आणि तबल्याचा जीव जातो. डाउनसॅम्पलिंग (९६ चं ४८ करणं) बंद. एसएसीडीसाठी 'सीडी थर' निवडलेला असेल तर बदला. दोनच स्पीकर असतील तर स्टीरिओ भाग निवडा. व्हिडिओ बंद करण्याची सोय असेल तर लावा, बिघडत काही नाही. एसएसीडी सीडीपेक्षा हळू आवाजात वाजतेय असं वाटलं तर ते खरं आहे, तिची पातळी बऱ्याचदा कमी ठेवलेली असते. तुलना करताना आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जे मोठं तेच गोड वाटतं.

स्पीकरमधून सतत 'हूं' येत असेल तर प्लेअरला दोष द्यायच्या आधी सेट-टॉप बॉक्सची केबलची वायर काढून बघा. आमच्याकडे ती काढल्याक्षणी गुणगुण थांबली. केबलवाल्याचं अर्थिंग आणि घरचं अर्थिंग एकमेकांशी भांडत होतं.

ठाण्याच्या दमट हवेत प्लेअर बंद ठेवणं हेच त्याचं मरण. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी वाजवा, डिस्कच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. डिस्क पुसताना मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. ब्रश लावलेली 'लेन्स क्लीनर' सीडी वापरू नका. भिंग पुसायचंच असेल तर प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापूसकाडी बुडवून, अगदी हलक्या हाताने.

राइट केलेल्या सीडी मात्र वाजवत बसण्याआधी हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या. त्यांच्यावरचा रंग वर्षांगणिक उडतो. आमच्या चळतीतल्या दोन आता वाचल्याच जात नाहीत. 'जुनी गाणी ३' वाचली गेली, पण तिच्यात गाणी नव्हती. माझ्या धाकट्या बहिणीचं इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट निघालं, जे ती 'बाबांनीच कुठेतरी टाकलं' म्हणत आजवर शोधत होती.